प्रमाणपत्रांची फाइल जाड, वर्ग मात्र तोच

"ताई, १४ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आहे. प्रशिक्षणांची प्रमाणपत्रं एका फाइलला लावून ठेवते. परवा मोजली, २३ भरली. त्यातलं वर्गात किती उतरलं असं कुणी विचारलं तर मला मान खाली घालावी लागेल. दोन महिन्यांपूर्वी 'वर्गात प्रश्न कसे विचारावेत' यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. खरोखर चांगलं होतं. सोमवारी उत्साहानं करून पाहिलं. वर्गात गोंधळ झाला, धडा मागे पडला आणि गुरुवारी मी माझ्या जुन्या पद्धतीवर परत आले होते. आता मुख्याध्यापकांनी पुढच्या सत्रापासून शाळेतल्या सगळ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. ३० शिक्षक, शिवाय कार्यालयातले चौघे आणि प्रयोगशाळा सहायक. हे कळल्यावर आमचे एक ज्येष्ठ सहकारी स्टाफरूममध्ये म्हणाले, 'म्हणजे आणखी एक शनिवार गेला!' सगळे हसले. मीही हसले. घरी भावाला सांगितलं तर तो म्हणतो, आमच्या कंपनीतही तेच, संगणकावर 'पुढे, पुढे' दाबत जायचं आणि शेवटी दहा प्रश्न सोडवायचे. ताई, मीच मठ्ठ आहे की हे सगळीकडे असंच असतं? आणि ज्याचा मला स्वतःला उपयोग झाला नाही, ते मी इतरांना कोणत्या तोंडानं सांगू?"

– एक विज्ञान शिक्षिका

बाई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. त्याच तोंडानं सांगा. सोमवारी करून पाहिलं आणि गुरुवारी सोडून दिलं, हे जिनं स्वतः भोगलंय तिच्याइतकं या कामाला लायक माणूस तुमच्या शाळेत दुसरं असेल असं मला वाटत नाही. मुख्याध्यापकांनी कदाचित तुमची जाड फाइल पाहून तुम्हाला निवडलं असेल. मी तुमचं पत्र वाचून निवडलं असतं.

मठ्ठ तर तुम्ही नाहीच. पण सोमवार ते गुरुवार काय झालं ते जरा सावकाश बघायला हवं, सगळी गोम तिथंच आहे.

त्याआधी माझी एक कबुली. मी स्वतः बरीच वर्षं अशी प्रशिक्षणं घेत होते, शिक्षकांची आणि कार्यालयांतल्या लोकांचीही. शेवटच्या अर्ध्या तासात अभिप्रायाचे फॉर्म भरून घ्यायचे, 'अतिशय उपयुक्त', 'वेळ कमी पडला' असं वाचून खूश व्हायचं आणि घरी जायचं. एकदा एका शाळेत तीनेक महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी जाणं झालं. ज्यांनी सगळ्यात भरभरून अभिप्राय दिला होता, त्यांच्याच वर्गावरून गेले. आत पूर्वीसारखंच चाललं होतं. मी दिलेली पुस्तिका दुमडून खिडकीच्या फटीत बसवली होती, वाऱ्यानं खिडकी आपटू नये म्हणून. राग आला नाही असं म्हणणार होते, पण आला. परतीच्या वाटेवर मात्र त्या गृहस्थांची बाजू पटत गेली. काय करायचं ते मी दोन दिवस सांगितलं होतं. करायला घेतल्यावर जिथं अडतं, तिथं त्यांच्यासोबत ना मी होते, ना दुसरं कुणी.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण कसं जोखावं याच्या चार पायऱ्या मांडल्या होत्या: लोकांना ते आवडलं का, ते काही शिकले का, कामावर परतल्यावर वागणं बदललं का आणि त्यातून कामाला काही फळ आलं का. माझे सगळे फॉर्म पहिल्या पायरीवर बसकण मारून होते. बहुतेक ठिकाणचे अजूनही तिथंच बसलेले असतात, कारण ती पायरी त्याच दिवशी, त्याच सभागृहात मोजता येते. तिसरी पाहायची तर महिन्याभरानं कुणाला तरी उठून वर्गापर्यंत जावं लागतं.

आता तुमचा सोमवार. प्रश्न कसे विचारावेत याचं प्रशिक्षण होतं, तेव्हा तिथं थांबण्याबद्दल काहीतरी सांगितलंच असणार. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजदाद केली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक मुलांच्या उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेवढ्यात कुणी बोललं नाही की प्रश्न पुन्हा विचारायचा, दुसऱ्याला उठवायचं किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळं व्हायचं. मुलानं उत्तर दिलं तरी त्यानंतर जेमतेम तेवढाच अवकाश. दोन्ही ठिकाणी हा वेळ तीन सेकंदांवर नेला तेव्हा उत्तरं लांबली, 'येत नाही' म्हणणं कमी झालं, एरवी गप्प राहणारी मुलं बोलायला लागली आणि मुलं स्वतःहून प्रश्न विचारायला लागली.

तीन सेकंद! ऐकायला किती सोपं आहे. पण वर्गात चाळीस डोकी समोर असताना तीन सेकंद गप्प उभं राहून बघा, अर्धा तास गेल्यासारखा वाटतो. आपण धडा विसरलो असं मुलांना वाटेल अशी धास्ती वाटते. मागच्या बाकावर हालचाल सुरू होते. तोंडातून शब्द आपोआप बाहेर पडतो. पडणारच, १४ वर्षांत तुम्ही हजारो प्रश्न विचारले आहेत आणि प्रत्येक वेळी शरीरानं तोच ठेका धरला आहे. जुनी सवय फुकटात चालते. ती चालू असताना फळ्यावर लिहिता येतं, खिडकीकडच्या मुलाला डोळ्यानंच दटावता येतं, तास संपायला किती मिनिटं उरली हेही कळतं. नवी गोष्ट करायला घेतली की ती सगळं लक्ष स्वतःकडे ओढून घेते आणि बाकीचं वाऱ्यावर जातं. तुमच्या वर्गात गोंधळ झाला तो यामुळे. दोन बोटांनी भरभर टंकलेखन करणारा माणूस दहा बोटांनी शिकायला लागला की पहिले काही आठवडे त्याचा वेग निम्म्यावर येतो. साहेब समोर उभे असतील तर तो दोन बोटांवरच परत येणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणजे सोमवारचा गोंधळ ही पद्धत फसल्याची खूण नव्हती. नवं काही अंगात मुरताना काम आधी थोडं बिघडतं. हे तुम्हाला प्रशिक्षणात कुणी सांगितलं नाही, आणि बिघडलं तेव्हा तुम्ही एकट्या होता. शिवाय माझा अंदाज असा की दोन दिवसांत तुम्हाला एक नव्हे, दहा-बारा युक्त्या शिकवल्या आणि तुम्ही सोमवारी त्यातल्या निदान चार एकदम काढल्या. बरोबर ना?

या एकटेपणाबद्दल बरंच काही माहीत आहे, आणि आजकालचं नाही. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० मध्ये शिक्षक-प्रशिक्षणावरचं तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. विषय समजावून सांगणं, कुणीतरी करून दाखवणं, तिथंच सराव करणं, त्यावर प्रतिसाद मिळणं हे सगळं झालं तरी गोष्ट वर्गात रुजायला आणखी एक घटक लागतो, असं त्यांनी मांडलं: आपल्या कामाच्या जागी, आपल्या मुलांसमोर ती करताना कुणाची तरी सोबत. आपण पहिला घटक शनिवारभर ताणतो, दुसऱ्याला जेवणानंतरचा तास देतो आणि पाचव्याचं नावही काढत नाही.

या जोडीनं पुढे केलेला एक बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. शिक्षकांनी एकमेकांच्या तासाला बसावं, असं ते सांगत. पण तास संपल्यावर पाहणारा माणूस हळूहळू तपासनीस व्हायचा. 'हे छान होतं, पण...' असं सुरू झालं की त्या 'पण'पाशी दोघांमधला मोकळेपणा आटायचा. म्हणून १९९६ च्या लेखात त्यांनी सांगितलं की त्यांनी तोंडी अभिप्राय या प्रकारातून काढूनच टाकला आहे. जो शिकवतो तो मार्गदर्शक, आणि जो मागे बसून पाहतो तो शिकणारा. आपल्या नेहमीच्या समजुतीच्या बरोबर उलट! तुमच्या शाळेत हा एक नियम लागू केलात तरी निम्मी भीती जाईल. कुणी तुमच्या वर्गात येऊन बसलं तर तुम्हाला सुधारायला आलेलं नाही, स्वतःसाठी काही न्यायला आलेलं आहे.

अनुभवी माणसालाही दुसऱ्याची नजर लागते, याचं एक उदाहरण शस्त्रक्रियागृहातलं आहे. अतुल गवांदे या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी २०११ मध्ये लिहिलं होतं की काही वर्षांनी आपली सुधारणा थांबल्यासारखी वाटली, म्हणून त्यांनी आपल्या निवृत्त शिक्षकांना शस्त्रक्रिया पाहायला बोलावलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तरी त्या वृद्ध डॉक्टरांच्या वहीत पानभर टिपणं होती: दिवा जखमेवरून सरकला होता आणि ते कळलं नव्हतं, मधूनमधून कोपर खांद्याच्या उंचीला जात होतं. एकही गोष्ट अवघड नव्हती, पण टेबलावर वाकलेल्या माणसाला ती दिसणं शक्य नव्हतं.

तेव्हा तुमच्या शनिवारचं काय करायचं? माझं ऐकाल तर अख्खा शनिवार घेऊच नका. मुख्याध्यापकांकडे जाल तेव्हा पैसे मागू नका, बाहेरचा वक्ता मागू नका, तास मागा. एका शनिवारचे सहा तास त्यांनी कसेही दिलेच असते. त्यातला दीड तास सुरुवातीला एकत्र बसायला घ्या. उरलेला वेळ सत्रभर विखुरून हवा आहे म्हणून सांगा: दर पंधरा दिवसांनी वीस मिनिटं, आणि प्रत्येक भाग घेणाऱ्या शिक्षकाला सत्रात दोन किंवा तीन वेळा दुसऱ्याच्या तासाला बसता येईल अशी बदली तासाची सोय. खरी लढाई वेळापत्रकावरच होणार आहे. ज्यांच्या हातात वेळापत्रक असतं त्या सहकाऱ्यांना आधीच विश्वासात घ्या, नाहीतर तुमची सगळी योजना 'जमत नाही हो' या तीन शब्दांवर फुटेल. आणि तुमचे स्वतःचे तास? ३५ माणसांचं प्रशिक्षण हे पूर्ण कामाच्या वर आणखी एक काम म्हणून घेऊ नका. आठवड्याचे दोन तास तरी कमी करून मागा. मिळाले नाहीत तर माणसं कमी करा. ३० जणांना एकदम घेण्यापेक्षा पहिल्या सत्रात स्वतःहून येणारे सहा घेतलेत तरी चालेल. मुख्याध्यापक म्हणतील, सगळ्यांना समान मिळायला हवं. त्यांना सांगा की बाकीच्यांना पुढच्या सत्रात मिळेल, आणि तेव्हा शिकवायला सहा माणसं हाताशी असतील.

एकत्र बसण्याच्या दीड तासात एकच गोष्ट घ्या. तीन सेकंद थांबणं घेतलंत तर उत्तम, गणिताला चालतं, भाषेला चालतं, चित्रकलेलाही चालतं. थोडक्यात सांगा, स्वतः करून दाखवा, मग तिघा-तिघांचे गट करून तिथंच करायला लावा. लोक लाजतील, थट्टा करतील, करू द्या. उठण्यापूर्वी प्रत्येकानं कागदावर लिहावं की मी हे कोणत्या दिवशी, कोणत्या वर्गात, धड्यातल्या कोणत्या प्रश्नाला करणार. 'प्रयत्न करीन' असं कुणी लिहिलं तर कागद परत करा. 'मंगळवारी दुसऱ्या तासाला, प्रकाशाच्या अपवर्तनाचा पहिला प्रश्न विचारल्यावर मनात तीन मोजीन' असं हवं.

पहिली वेळ त्याच आठवड्यात यायला हवी. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थहीन अक्षरजुळण्या पाठ करायच्या आणि काही काळानं त्याच पुन्हा पाठ करताना किती मेहनत वाचते ते मोजायचं. २० मिनिटांनी साधारण ५८ टक्के वाचत होती, एका दिवसानं सुमारे ३४ टक्के आणि ३१ दिवसांनी २१ टक्के. ती अर्थहीन अक्षरं होती, त्यामुळे हे आकडे उचलून तुमच्या प्रशिक्षणाला चिकटवू नका. पण उताराचा आकार लक्षात घ्या. बहुतेक घसरगुंडी पहिल्या दिवसात आहे, पुढे रेघ जवळजवळ सपाट होत जाते. शनिवारी शिकलेलं 'पुढच्या घटकापासून' करू म्हणणारा माणूस उतारावर बसलेला असतो.

(आकड्यांवरून आठवलं. 'वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के' असा रंगीत त्रिकोण तुम्ही निदान पाच प्रशिक्षणांत पाहिला असेल. मीही तो दाखवला आहे, पापाची धनी आहे. त्याचं मूळ म्हणजे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचा 'अनुभवांचा शंकू'. १९४६ मध्ये त्यांनी तो मांडला तेव्हा त्यात एकही टक्केवारी नव्हती. ते गोल गोल आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. तुमच्या दीड तासात तो त्रिकोण नको.)

आता एक अट, आणि यावर अजिबात तडजोड करू नका. दुसऱ्याच्या वर्गात बसून पाहिलेलं काहीही कार्यालयात जाणार नाही. वार्षिक मूल्यमापनात नाही, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नाही, 'सहज बघायला' म्हणूनही नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेनं रुग्णालयांतल्या पथकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना वाटलं होतं, चांगल्या पथकांत औषधांच्या चुका कमी आढळतील. नोंदी उलट निघाल्या. ज्या पथकांत नेतृत्व चांगलं आणि वातावरण मोकळं, तिथं जास्त चुका नोंदलेल्या. ते लोक जास्त चुकत नव्हते, चूक झाली तर बोलत होते. बाकीच्या ठिकाणी चुका पोटात घातल्या जात होत्या. तुमच्या शाळेत निरीक्षणाचा कागद कार्यालयात जातो असं एकदा कळलं की पाहणाऱ्याला दाखवायला वेगळा, इस्त्री केलेला तास तयार होईल. आधल्या दिवशी मुलांना उत्तरंसुद्धा सांगून ठेवलेली असतील. असे तास आपण सगळ्यांनी घेतले आहेत.

मुख्याध्यापकांना हे कसं सांगायचं? सरळ सांगा. 'सर, तुम्हाला कोण कुणाच्या तासाला बसलं याची यादी देईन, आत काय दिसलं ते देणार नाही.' चांगले असतील तर ते मानतील. आणि फारच चांगले असतील तर त्यांनाच एका तासावर उभं करा, मागे दोन शिक्षक बसवा.

आता ते ज्येष्ठ सहकारी. तुमच्या पत्रात ते एकाच वाक्यापुरते आले आहेत, पण पत्र लिहिताना ते तुमच्या खांद्यामागे उभे होते असं मला वाटत राहिलं. तुमच्यापेक्षा जास्त वर्षं त्यांनी अशा योजना येताना आणि मावळताना पाहिल्या आहेत. दर वेळी नवं नाव, नवी पुस्तिका, नवे रकाने, आणि दोन वर्षांनी ये रे माझ्या मागल्या. 'आणखी एक शनिवार गेला' हे त्यांचं म्हणणं टोचणारं आहे, पण खोटं नाही, आणि तुमच्या २३ कागदांनी त्यांचीच बाजू घेतली आहे. म्हणून त्यांना पटवायला जाऊ नका. थॉमस गस्की या शिक्षण-संशोधकांनी १९८६ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. आपण धरून चालतो की आधी शिक्षकाचं मत बदलतं, मग त्याचं शिकवणं, मग मुलं. त्यांच्या मते क्रम बहुधा वेगळा असतो. आधी शिकवण्यात थोडा फरक होतो, मुलांमध्ये काहीतरी वेगळं दिसतं, आणि ते डोळ्यांनी पाहिल्यावर मत बदलतं. म्हणजे भाषणानं त्यांचं मत बदलणार नाही. बदललं तर एखाद्या मुलीनं दिलेल्या उत्तरानं बदलेल.

त्यांच्याकडे जा आणि म्हणा, 'सर, मला एक मदत हवी आहे. माझ्या तासाला मागे बसा आणि प्रत्येक प्रश्नानंतर मी किती सेकंद थांबते तेवढं लिहा. बाकी काही लिहू नका.' त्यांना कशावर विश्वास ठेवायला सांगायचं नाही, मत विचारायचं नाही. काम मोजण्याचं आहे, आणि मोजायला कुणाची ना नसते. तो तास तुमचा नेहमीचा असू द्या, इस्त्रीचा नको. पहिल्या वेळी तुमचे आकडे एक, एक, दोन, एक असे येतील. ते बघून दोघं हसाल, आणि हे हसणं स्टाफरूममधल्या हसण्यापेक्षा वेगळं असेल. तीन आठवड्यांनी पुन्हा बसवा. मागे बसून मोजता मोजता त्यांना आणखी काय दिसतं ते मी आत्ता सांगत नाही. पाठीमागून वर्ग पाहिला की पुढून कधी न दिसलेली मुलं दिसतात, एवढं नक्की.

ते नाही म्हणाले तर? तर दुसऱ्या कुणाला विचारा आणि त्यांच्याबद्दल मनात काही धरू नका. पण एक प्रश्न मात्र त्यांना नक्की विचारा: इतक्या वर्षांत शिकलेल्यातलं काय अजून वापरता? ज्यानं शंभर गोष्टी टाकल्या त्याच्याकडे टिकलेल्या दोन-तीन असतातच, आणि त्या का टिकल्या हे ऐकण्यासारखं असतं.

कार्यालयातल्या चौघांना आणि प्रयोगशाळा सहायकांना या प्रश्न विचारण्याच्या बैठकीत बसवू नका. सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवलं की सगळ्यांना शिकवल्यासारखं दिसतं, एवढाच त्याचा फायदा. त्यांचं शिकणं वेगळ्या वाटेनं होतं. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कारागिरांसोबत राहून त्यांचं काम पाहिलं होतं. कंपनीनं त्यांना जाडजूड पुस्तिका दिल्या होत्या: अमुक बिघाड असेल तर तमुक करा. यंत्रं मात्र पुस्तिका वाचून बिघडत नव्हती. अडलेल्या यंत्राची वाट कारागिरांना सापडत होती ती एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींतून, एकत्र जेवायला बसल्यावर. 'माझ्याकडे परवा एक यंत्र असंच अडलं होतं...' वरून पाहणाऱ्याला त्या गप्पा वाटत. खरं शिक्षण तिथं चाललं होतं.

तेव्हा त्या चौघांना पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास एकत्र बसू द्या, आणि विषय एकच: गेल्या पंधरवड्यात काम कुठे अडलं आणि कसं सुटलं. जे सुटलं ते एकानं पानभर साध्या भाषेत लिहून ठेवायचं. एखादा दाखला कसा काढायचा हे फक्त एकाच माणसाला येतं आणि तो रजेवर गेला की सगळी खिडकी बंद, अशी कार्यालयं मी पुष्कळ पाहिली आहेत. तिथं बाहेरून तज्ज्ञ आणण्याची गरज नव्हती, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारायला वेळ हवा होता. आणि प्रयोगशाळा सहायक? त्यांना शिकणाऱ्यांत बसवण्याआधी शिकवणाऱ्यांत बसवा. कोणत्या प्रयोगात मुलं हमखास चुकतात, कुठलं उपकरण कोणत्या कारणानं फुटतं हे त्यांना माहीत असतं. नव्यानं आलेल्या विज्ञान शिक्षकांना त्यांच्यासोबत एक तास द्या.

भावाला काय सांगाल? 'पुढे, पुढे' दाबण्याचे काही पाठ हे शिकवण्यासाठी नसतातच. लोकांना नियम सांगितला होता, याची नोंद कंपनीला हवी असते. आगीपासून बचाव, माहितीची गोपनीयता वगैरे. नोंद असण्यात गैर काही नाही. ते पाठ त्यानं निमूट संपवावेत. पण ज्या पाठातलं कामाला लागणार आहे, तिथं शेवटच्या दहा प्रश्नांवर थांबू नये. पडदा बंद करावा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवणारे पुढे गेले. वाचताना 'येतंय, येतंय' वाटतं, तिथंच फसायला होतं.

तुमच्या फाइलकडे परत येते. ती टाकून देऊ नका. एखाद्या निवांत दिवशी ते २३ कागद एकेक करून पुढ्यात घ्या आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीनं लिहा, यातली एक तरी गोष्ट मी आजही करते का. माझा अंदाज, चार-पाच कागदांमागे काहीतरी लिहाल. त्या चार-पाचांत काय सारखं आहे ते बघा. बहुधा कुणीतरी सोबत होतं, किंवा ती गोष्ट दुसऱ्याच दिवशी वापरायची वेळ आली होती. ती चार-पाच कारणं म्हणजे तुमच्या सत्राचा आराखडा. माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा तो तुमच्या शाळेला जास्त फिट बसेल.

अहवाल तर द्यावाच लागेल. फोटो, उपस्थिती, अभिप्राय हे सगळे रकाने भरून टाका, त्यावरून भांडू नका. पण शेवटी स्वतःचा एक रकाना वाढवा: 'सहा आठवड्यांनी किती जण अजून करत आहेत'. आकडा सहातला दोन आला तर दोनच लिहा. आणि त्या दोघांच्या बाबतीत काय वेगळं झालं ते मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

ज्येष्ठ सरांकडे जाल तेव्हा सेकंदकाटा असलेलं घड्याळ सोबत न्या. मोबाइल नको, तो नेमका तिसऱ्या सेकंदाला वाजतो.